वारा सरेपर्यंत

सासूबाई : तुम्ही जरा बाहेर जा, जावईबापू.

जावई : सकाळपासून बाहेरच आहे, आई. वॉचमन चहा विचारायला लागलाय आता.

सासूबाई : मग लेकीला बोलवा माझ्या.

जावई : ती विमानात बसलीय. संध्याकाळपर्यंत मीच आहे.

नर्स : काय आजी, सरला का वारा?

सासूबाई : सिस्टर, हळू! जावई आहेत समोर.

नर्स : जावई असोत नाहीतर मंत्री, पोटाला त्याचं काय? आतड्याला पीळ पडला होता, डॉक्टरांनी तो सोडवला. हात लागला की आतडं रुसून गप्प पडतं. ते हललं की वारा सरतो. तोवर पाण्याचा थेंब नाही.

सासूबाई : आणि नाहीच हललं तर?

नर्स : संध्याकाळी डॉक्टर पुन्हा पोटाचा फोटो काढतील. चालवा यांना.

जावई : धरा माझा हात.

सासूबाई : नको. मी सलाइनचा दांडा धरते.

जावई : बरं. सावकाश.

सासूबाई : एवढंसं पोट, आणि काय हा थाट त्याचा!

जावई : एवढंसं? नुसतं लहान आतडंच वीस फूट असतं. आवळतं, सैल सोडतं, घास पुढे ढकलतं. त्यातलं सत्त्व तिथेच रक्तात जातं. उरलेलं मोठ्या आतड्यात. उजवीकडून वर, मग आडवं, डावीकडून खाली. वाटेत पाणी शोषलं जातं.

सासूबाई : आणि शेवटी?

जावई : शेवटी तुम्ही मला बाहेर पाठवता.

सासूबाई : हसवू नका हो, टाके ओढतात!

जावई : आई, लाज वाटत असेल तर... मी आधी सोडू का? तुम्हाला सोबत होईल.

सासूबाई : अगं बाई! अहो, पुरे... पुरे...

(हसू. मग एक लांबलचक, निःसंशय आवाज.)

नर्स : कोणाचा?

जावई : यांचा!

सासूबाई : त्यांचा!

नर्स : आजी, नीट सांगा. त्यांचा असेल तर तुम्हाला पाणी नाही.

सासूबाई : ...माझा.

नर्स : ऐकू दे पोट. वा! गुडगुड नुसती! डॉक्टरांना सांगून घोटभर पाणी आणते.

जावई : हॅलो... विमान उतरलं? अगं, आईंचा... आईंचा...

सासूबाई : आणा तो फोन इकडे. हं, बाळा, मी बोलतेय. छान आहे मी. नाही गं, तो आनंदानं रडतोय. ऐक, येताना काहीतरी खायला आण. सकाळपासून उपाशी आहे हा.