त्यो मासा काय खातो

माझं माहेर कानडी मुलखाच्या शिवेवरलं, घरात आमी कानडी बोलायचो आन दारात मराठी, लगीन होऊन नळदुर्गाच्या अलीकडं दोन कोसावर ह्या गावात आले आन मग हितलीच झाले. आमी लिंगायत. दुकान व्हतं आमचं, मीठ, गूळ, हिंग असलं, ते मालक बघायचे, म्हंजे आमचे हे, आन घर बघायच्या आत्याबाई, सासूला आमी आत्याबाई म्हनायचो. राज्य निजामाचं. गोऱ्यांची लढाई चालू व्हती म्हनत्यात, आमाला तिचं एवढंच ठावं की घासलेट मिळत न्हवतं. ताई, तुमी इचारलं म्हनून सांगते, पर माझं सांगनं सरळ जायचं न्हाय, माझं मलाच अजून उलगडलं न्हाय.

कांता माझी थोरली. पाचेक वर्साची असताना तिला गोवर आला, गोवर गेला, पर पोर काय पयल्यासारखी झाली न्हाय, भाकर नको, दूध नको. मग दिवेलागनीला चालता चालता उंबऱ्याला ठेचकाळायला लागली, ताटातली भाजी हातानं चाचपायची, आन सकाळी बघावं तर दारातल्या चिमण्या बोट करून मोजतीय. आत्याबाई म्हनल्या दिष्ट लागली, मीठमिरच्या ओवाळल्या. शेवटी मालकांनी गाडी जुपली आन नळदुर्गाच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डागतरसाब हैदराबादकडचे, त्यांनी कांताची पापनी वर करून बघितली, बुबुळाशेजारी पांढऱ्यावर साबनाच्या फेसासारखा ठिपका व्हता, बाटली दिली आन म्हनले ये तेल पिलाव, रोज एक चमचा, देर मत करना. देर मत करना, ते मला तवाच समजलं व्हतं, ताई. समजलं न्हाय असं मला म्हनता यायचं न्हाय.

घरी बाटली उघडली आन वास सुटला, काय सांगू तुमाला, गोठ्यातली म्हैस मान वळवून बघाय लागली. आत्याबाई लिंगपूजा आटपून भाईर आल्या, म्हनल्या ह्ये कशाचं तेल. मालकांना खोटं बोलता यायचं न्हाय, म्हनले माशाच्या काळजाचं. आत्याबाई ओरडल्या न्हाईत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हनल्या पोरीच्या गळ्यात लिंग हाय, त्या तोंडात ह्ये कसं घालायचं. मी म्हनले औषध हाय ते, जेवन न्हाय. मालक आईच्या शबदाभाईर जायचे न्हाईत. मग आत्याबाई म्हनल्या, त्यो मासा काय खातो त्ये आधी इचारून ये, जीव मारून खानाऱ्याच्या अंगातलं मी नातीच्या पोटात घालनार न्हाय. आता मला वाटतं त्यांनाबी द्यायचंच व्हतं, नात जीव की प्रान व्हती, वाट हुडकत व्हत्या बिचाऱ्या. बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली.

दवाखान्यात बाटल्या भरायला एक म्हातारा व्हता, कोकनातला मुसलमान, इब्राहीमचाचा. त्यो आधी आगबोटीवर खलाशी, भट्टीत कोळसा घालायचा, पाय मोडला तशी बोट सुटली आन कुनाच्या तरी वळखीनं हितं आला. आमच्या भागात समिंदर बघितलेला त्यो एकलाच. आठवडी बाजारच्या दिशी मी गेले, म्हनले चाचा, ह्यो तेलाचा मासा काय खातो. चाचाचं तोंडच उजळलं, इतक्या वर्सात त्याला कुनी समिंदराचं इचारलंच न्हवतं. म्हनला बाय, गोऱ्यांच्या थंड समिंदरात म्या सोताच्या डोळ्यानं बघितलाय, मुशीच्या जातीचा, गोरे शार्क म्हनत्यात, दोन जुपल्याल्या बैलगाड्या एकीमागं एक लावाव्या एवढा लांब, उन्हाचा वर येतो, पाठीवरचा पंख पान्याभाईर काढून संथ चालतो, बोट जवळ गेली तरी त्याला काय न्हाय. तोंड उघडलं तर आत पोर उभं राहील, पर चावत कुनाला न्हाय, दात कसले तर जोंधळ्याच्या दान्यायेवढे. नुसता तोंड उघडून पवत राहतो, पानी तोंडातनं आत आन मानेच्या चिरांतनं भाईर. आन काळीज म्हनशील तर एवढं मोठं की त्याच्या तेलानं पिपंच्या पिपं भरावीत.

मी पळत घरी आले, म्हनले आत्याबाई, त्यो नुसतं पानीच पितो. त्या म्हनल्या नुसत्या पान्यावर एवढं अंग कसं भरंल, नीट इचारून ये. मग पुढच्या बाजाराला पुन्हा गेले. चाचा म्हनला पान्यात बारीक जीव असत्यात बाय, किड्यावानी, दिसतील न दिसतील असे, त्याच्या चिरांच्या आत कंगव्यावानी काटे असत्यात, त्यात ते अडकत्यात, मग तोंड मिटून गिळतो.

आमच्यात पानी तिपदरी फडक्यातनं गाळून घ्यायची रीत, किडा पोटात जाऊ नये म्हनून, आन ते फडकं परत बारवंतच उलटं करून खळबळायचं, म्हंजे जीव मरत न्हाय. मी चाचाचं सांगितलं तवा आत्याबाईंच्या हातात तेच फडकं व्हतं. म्हनल्या म्हंजे त्योबी गाळतो, आपल्यावानी. तिथं मी व्हय म्हनून गप बसायचं का न्हाय? पर माझं तोंड. म्हनले आपन पानी घेतो आन जीव सोडतो, त्यो पानी सोडतो आन जीव घेतो. आत्याबाईंनी फडकं खाली ठेवलं, म्हनल्या मग नको.

इकडं कांता दिवसाबी डोळं मिटून बसाय लागली, उजेड सोसंना. आमचे अय्या, म्हंजे आमचे जंगम गुरू, घरी आले, त्यांना इचारलं. तेबी घोटाळ्यात पडले, म्हनले मासा जीवामागं धावून मारतो का जीव आपसूक तोंडात येत्यात, ते कळल्याबिगर मी कसं सांगू. म्हंजे आनखी एक बाजार. चाचा म्हनला धावत बिवत न्हाय, त्याची चाल मानसाच्या चालीयेवढी, आन बाय, थंडीत त्यो दिसतच न्हाय, जुने खलाशी म्हनत्यात तळाला जाऊन बसतो, ते काटेबी गळून पडत्यात, नवे येईतो उपाशी, खरंखोटं खुदा जाने. खुदा जाने मी घरी सांगितलं न्हाय. आत्याबाईंनी दोनदा इचारलं, उपाशी? मग उठल्या, सोता गोठ्यात गेल्या, बाटली पुसून आनली आन म्हनल्या, उपास धरनारा जीव हाय, दे. पयला चमचा त्यांनीच पाजला, वर गुळाचा खडा दिला.

पर तवर कांताच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं व्हतं, बुबुळ पांढरं झालं व्हतं.

पुन्हा दवाखाना गाठला. डागतरसाबांनी बाटली उजेडात धरली, जवळजवळ भरल्याली. रागावले न्हाईत, खुर्चीवर बसले आन इचारलं इतने दिन क्या किया. म्या सगळं सांगितलं, मासा, काटे, उपास, चाचा मधे मधे उर्दूत सांगत व्हता. डागतरसाब म्हनले कौनसी मछली? मग तेच म्हनले ह्ये तेल मुंबईकडच्या किनाऱ्यावरचं, लढाईमुळं भाईरचं येतच न्हाय, ही मुशी येगळी, करवतीसारखे दात हायत तिला, मासेच फाडून खाती. मी चाचाकडं बघितलं. चाचा म्हनला बाय, तू तेलाचा मासा म्हनलीस, मला त्योच ठावा व्हता. खोटं काय बोलला त्यो? एकबी शबुद खोटा न्हवता.

उजवा डोळा वाचला, दोन म्हैन्यांत दिवा दिसाय लागला. डावा गेला तो गेला. आत्याबाईंना मी त्या दुसऱ्या मुशीचं सांगितलं न्हाय, त्या रोज सकाळी हात जोडून चमचा पाजायच्या आन म्हनायच्या कुठल्या समिंदरातला सादू पोरीला पावला. मरेपतूर तसंच म्हनत व्हत्या. आता तुमी शिकल्याल्या हाव, तुमीच सांगा, चूक कुनाची झाली? आत्याबाईंची म्हनावी तर पाजलं त्यांनीच. चाचाची म्हनावी तर इचारलं म्या. घरात आत्याबाई दुपारच्या झोपायच्या, कोनाड्याला कुलूप न्हवतं, चमचा माझ्याच हातात व्हता की वो. मी चोरून का पाजलं न्हाय? पापाला भ्याले का आत्याबाईला भ्याले, का मलाबी बघायचं व्हतं त्यो मासा काय खातो ते? तिन्ही खरं वाटतंय, येक धरावं तर दुसरं सुटतंय.

कांता आता आजी झाली. आत बसलीय बघा, जोंधळं निवडतीय. कुनी इचारलं तर म्हनती गोवरानं गेला माझा डोळा, आन मी समोर असले तरी बाटलीचं नाव काढत न्हाय. तुमी ह्ये लिवताय ते तिला वाचून दाखवा, मी घरात नसताना. न्हाय, थांबा, मी असतानाच दाखवा, मला तिचं तोंड बघू द्या. नको ताई, आज नको, तुमी च्या घ्या आधी. लई लांबनं आलाव. शिवानं तुमचं दोन्ही डोळं शेवटपतूर शाबूत ठेवावं.