हलके टायर

माधवगंजातल्या टायरच्या दुकानात सुधाताई सायकलची ट्यूब घ्यायला आल्या होत्या. पण त्यांच्या पुढे पगडीवाले एक जुने संस्थानी सरदार आणि त्यांची लेक यांचं काही ठरेना. बाहेर त्यांची दोन सीटांची, उघडी स्पोर्ट्स कार उभी होती.

“रुंद टायर काढा. रुबाब दिसला पाहिजे.”

“आबा, एवढीशी गाडी. जड टायर घातले तर पळायची नाही.”

“पळायचंय कुणाला? दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीमागून चालते ती.”

“आता भोपाळपर्यंत पळायचंय. इथली राजधानी तिकडे गेली, माझं ऑफिसही गेलं.”

“मग तू जा.”

“तुम्हाला घेऊनच जाणार.”

“मी मागे मिटलेल्या टपावर बसतो, पद्मा. लोकांना मुजरा करता आला पाहिजे.”

“भोपाळात कोण ओळखतं आपल्याला? सीटवर बसायचं, माझ्या शेजारी.”

“आणि चालवणार कोण?”

“मी.”

“साहब, कौन-से निकालूँ?” दुकानदारानं विचारलं.

“वाऱ्यानं पगडी उडेल, पोरी.”

“मांडीवर घ्या.”

सरदारांनी पगडी उतरवून हातात घेतली.

“हलके निकालो, भाई.” मग ते मागे सुधाताईंकडे वळले. “पण आधी तुमचं होऊ द्या, बाई. केव्हाच्या उभ्या आहात.”