उजवं वळण

...आणि वर मलाच म्हणतात, 'बाई, डावं-उजवं कशाला करता?' मी! मी डावं-उजवं करते! अहो, नगराध्यक्षांच्या नातवाला नापास करून बसलेय मी, आणि आमचे हेडमास्तर गेर्गोव मलाच... थांबा, पहिल्यापासून सांगते. आणि माझ्या हातांकडे बघू नका हो, थंडी आहे म्हणून बाह्या खाली ओढल्यात. मार्च लागला तरी आमच्या डोंगरात बर्फ हलत नाही, त्यात आमच्या शाळेचा हीटर... जाऊ दे, हीटरवर बोलायला बसले तर डीएनए राहून जाईल.

तर डीएनए! नववीला शिकवायचं असतं, आणि पुस्तकात त्याचं एकच चित्र, तेही नेमकं शिवणीत गेलेलं. चार अक्षरं आहेत हो सगळी, अ, त, ग आणि त्स, म्हणजे इंग्रजीतले ए, टी, जी, सी. अ समोर त, ग समोर त्स, संपलं. दरवर्षी पोरं घोकतात आणि दरवर्षी पेपरात लिहितात, 'ग समोर द'! का? तर आमच्या बल्गेरियन मुळाक्षरांत ग नंतर द येतो म्हणून! द नावाचं अक्षरच नाही रे तिथे, सोन्या! पण सांगून उपयोग? शेवटी यंदा मी म्हटलं, पुस्तक मिटा, डोकी बाजूला ठेवा, हात पुढे करा. घरातली लाल-पांढरी लोकर आणली, सासूबाईंचा मण्यांचा डबा पळवला. अ पिवळा, त हिरवा, ग निळा, त्स नारिंगी. एक धागा लाल, एक पांढरा, मधे मण्यांच्या जोड्यांच्या पायऱ्या, आणि मग सगळ्याला पीळ. अहो, जी पोरं तासाला खिडकीतून बाहेर बघत असतात ना, ती मधल्या सुट्टीतसुद्धा जागची उठेनात! 'बाई, याचा पिवळा आहे, माझ्याकडचा हिरवा संपला, कोण देतं?' असा बाजार!

आणि तेवढ्यात दारात गेर्गोव. त्यांचा आवाज कसा, तर घसा बसलेल्या कोंबड्यासारखा... 'नेद्याल्काबाई, ही शाळा आहे की शिवणकामाचा वर्ग? पोरांना जरा वळण लावा, वळण!'

म्हटलं, 'सर, तेच लावतेय. वळण! आणि उजवं!'

कारण डीएनएचा पीळ उजवा असतो हो. उजव्या हाताची मूठ करा, अंगठा वर. करा, करा, लाजू नका, इथे कोण बघतंय! बोटं जशी वळलीत ना, तसं वळत वळत अंगठ्याकडे वर चढायचं. झालं. तुमच्यात, माझ्यात, गेर्गोव सरांच्यातसुद्धा, वळण उजवंच!

पण गेर्गोव ऐकतात होय! म्हणाले, 'एक मार्चला तपासनीस दाम्यानोवाबाई येताहेत. त्यांना हा मण्यांचा पसारा पटला नाही, तर मणी कपाटात, किल्ली माझ्याकडे, आणि तुम्ही पुन्हा पुस्तक वाचून दाखवायचं.' तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पुन्हा ते शिवणीतलं चित्र? पुन्हा ग समोर द? म्हटलं, बघतेच!

आता यात खरी गोम कुठे होती माहितीये? एक मार्च! त्या दिवशी आमच्याकडे सगळेजण मनगटाला लाल-पांढरा पिळाचा धागा बांधतात, मार्तेनित्सा. करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही. आणि तो धागा पिळायचा डावीकडे! हे आमच्या पोरांच्या बोटांत पाळण्यापासून मुरलेलं. मी आपली सांगतेय, उजवीकडे, उजवीकडे... आणि आख्ख्या वर्गानं एकजात डावीकडे पिळून ठेवलं! सगळं सोडवलं. पुन्हा पिळलं. शुक्रवारी पोरांनी आपापला तुकडा उजवा करून घरी नेला आणि सोमवारी? सोमवारी सगळे तुकडे डावे होऊन परत! घराघरातल्या आज्या बसल्या होत्या ना टपून!

आणि त्या आज्यांची पुढारी कोण? आमच्याच घरात! माझ्या सासूबाई, त्सोना. माझी मुलगी इस्क्रा माझ्याच वर्गात, म्हणजे त्यांच्या नातीचा धागा उजवा! जेवणाच्या टेबलावर डोळ्याला रुमाल... 'सगळी दुनिया उजव्या हातानं कामं करते, इडापिडेला ती वाट पाठ आहे गं. डाव्या पिळात शिरली की ती गोंधळते आणि आली तशी परत जाते. आणि तू पोरीला उजवा धागा घालतेस? आई आहेस की कोण आहेस?'

मी म्हटलं, 'आई, हा मनगटावरचा धागा नाही. हा शरीराच्या आतला आहे. आत!'

'आत?' म्हणाल्या, 'मग तर डावाच हवा! आतली इडापिडा कोण काढणार, तुझं पुस्तक?'

आमच्या ह्यांना म्हटलं, तुम्ही तरी तोंड उघडा. ह्यांनी उघडलं, त्यात सूपचा चमचा घातला आणि म्हणाले, 'दोघींचंही बरोबर आहे.' माणूस आहे की भोपळा! पण मी हटले नाही. म्हटलं, आई, तुमच्या मनगटावर काय बांधायचं ते बांधा, माझ्या वर्गात वळण उजवंच!

मग पोरांनी सगळे तुकडे जोडले आणि एक लांबच लांब माळ केली. खिडकीपासून दारापर्यंत टांगली, मधे दिव्याच्या आकड्याला गाठ. वर्ग नुसता उजळून निघाला हो. मी स्वतः बाकावर चढून सगळा पीळ तपासला, उजवा, उजवा, उजवा. मनात म्हटलं, या आता, दाम्यानोवाबाई!

एक मार्च उजाडला. गेर्गोवांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, शेवटची तंबी द्यायला. आणि तेवढ्या वेळात, तुम्हाला सांगते, तेवढ्याच वेळात सासूबाई शाळेत! हातात पोरांसाठी गरम बानित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, त्या वासाला शिपाई विरघळला, सोडलं आत. मी परत येते तो गेर्गोव माझ्या मागे, दाम्यानोवाबाई पुढे, साखळीचा चष्मा, ओठ आवळलेले... मी वर बघितलं. खिडकीपासून दिव्यापर्यंत माळ उजवी. आणि दिव्यापासून दारापर्यंत... डावी! दाराकडचं टोक सोडून, उलटं पिळून, परत व्यवस्थित बांधलेलं! मधली गाठ सुटली नाही म्हणून अर्धी वाचली!

दाम्यानोवाबाई वर बघतच राहिल्या. 'हे अर्धं असं आणि अर्धं तसं का?'

आणि गेर्गोव मधेच... 'बाई, डावं-उजवं कशाला करता? रंगीत आहे, छान आहे, आपण चहा घेऊ या का?'

आता बघा. सुटायला जागा होती. डावं डीएनएसुद्धा असतं हो, थोडंसं, कुठेकुठे. म्हटलं असतं, दोन्ही प्रकार दाखवलेत मुद्दाम! कुणाला कळलं असतं? पण पोरं माझ्याकडे बघत होती. ज्यांना मी तो पीळ इतक्या वेळा सोडायला लावला, ती पोरं! म्हटलं, 'ते चुकलंय. वळण उजवंच! चढा रे वर, सोडा ते!'

चढली की बाकांवर! आणि सोडताना पांढरा धागा तुटला आणि त्याचे मणी... टपटपटपटप... सगळीकडे! गेर्गोवांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले, खोटं का बोलू. उघडले तर पोरं जमिनीवर पालथी, तोंडं चालू... 'ए, इथे लाल धाग्यावर निळा राहिलाय, म्हणजे समोर नारिंगी!' 'पिवळा आहे, हिरवा दे!' 'ए, आधी पीळ बघ, अंगठा वर कर, अंगठा!' एकाच्याही हातात पुस्तक नाही. एक धागा जसा उरला होता, त्यावरून दुसरा जसाच्या तसा उभा केला हो त्यांनी! डीएनए तरी दुसरं काय करतं?

दाम्यानोवाबाईंनी पायाशी आलेला हिरवा मणी उचलला आणि निळ्यासमोर धरला. मुद्दाम की चुकून, ते देवाला ठाऊक. आमची इस्क्रा फाडकन म्हणाली, 'बाई, ग समोर त्स! त नाही, आणि द तर मुळीच नाही!'

दाम्यानोवाबाईंचे आवळलेले ओठ सुटले. गेर्गोवांना म्हणाल्या, 'मणी कपाटात जाणार नाहीत. आणखी मागवा.' ऐकलंत? आणखी! मी गेर्गोवांकडे असं बघितलं, असं बघितलं की ते भिंतीवरचा नकाशा वाचायला लागले.

मग निघताना इस्क्रानं उजव्या पिळाचा धागा काढला, 'बाई, मार्तेनित्सा बांधू?' दाम्यानोवाबाईंनी हात पुढे केला, धागा बघितला... आणि हात मागे! इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या, 'वर्गात उजवंच बरोबर आहे गं. पण अंगावर घालायला... एखादा डावा नाही का?'

आणि दाराआडून सासूबाई! खिसा भरून डावे धागे! दाम्यानोवाबाईंना बांधला, गेर्गोवांना बांधला, शिपायाला बांधला. मी हात मागे बांधून उभी. म्हटलं, मेले तरी नाही! माझं वळण उजवंच!

सासूबाई जवळ आल्या. इस्क्राच्या हातातला उजवा धागा घेतला आणि स्वतः, स्वतःच्या हातानं, माझ्या एका मनगटाला बांधला. मग दुसरं मनगट धरलं आणि म्हणाल्या, 'पोरी, तुझ्या अंगात माझं रक्त नाही, पण इडापिडा माझ्याच घरी येणार ना? आण इकडे.'

आता तुम्हीच सांगा, हात ओढून घेता आला असता तुम्हाला?

...काय? बाह्या? आत काय आहे ते बघायचंच आहे? बघा. हा उजवा, आणि हा डावा. आता करकोचा दिसेपर्यंत असंच. काय करणार हो, आमच्या घरात डावं-उजवं करत नाही कुणी!