कालव्याकडे निघालेलं कासव

बेलग्रेव्ह रोडच्या बसस्टॉपवर रेखाताई सकाळच्या कीर्तनातली चाल गुणगुणत बसल्या होत्या. शेजारी हाँगकाँगची एक आजी आणि तिची इथे विलायतेतच वाढलेली नात येऊन टेकल्या, तशी ती चाल ओठांतच राहिली. आजीच्या मांडीवर बादली होती आणि बादलीत कासव. नातीला घरची भाषा येत नव्हती, म्हणून दोघी इंग्रजीत भांडत होत्या.

“पोपो, कालव्यात सोडायचं नाही म्हणजे नाही,” नात आजीला म्हणाली.

“आजोबांना आत्ता ऑपरेशनला नेतील. एक जीव सोडवेन, असा नवस बोलून बसलेय मी.”

“हे इथलं कासव नाही. मासे खाईल, बेडकांची पिल्लं खाईल. एका जीवापायी किती जीव घेशील?”

“माझ्या आईनं कासवं सोडली, तिच्या आईनं सोडली. तेव्हा नाही कुणी असलं बोललं!”

“आता तुमच्या देवळातले भिक्षूसुद्धा नको म्हणतात.”

“भिक्षूंचं काय जातंय? त्यांना नवरा नसतो.”

“पोपो!”

“मग दुकानात परत देऊ? सूप करतील त्याचं.”

“घरी ठेवू. मोठी टाकी आणू. तीस वर्षं जगतं ते.”

“तीस वर्षं मी कुठली असायला?”

“मी असेन ना.”

कालव्याकडची बस आली. आजी उठली, पुन्हा बसली.

“आणि आजोबा घरी आलेच नाहीत तर?”

“तरी त्याचं पाणी मीच बदलणार.”

ड्रायव्हरनं विचारलं, “येताय का?”

“नाही,” आजी म्हणाली. “आम्हाला हॉस्पिटलची हवीय.”

रेखाताईंनी सरकून बादलीला बाकावर जागा करून दिली.