दुसरा बहर

जुलैतल्या त्या सकाळी गावच्या बसथांब्यावर आयव्हीच्या पुढे दोन म्हाताऱ्या शेजारणी उभ्या होत्या, हिल्डा आणि ऑड्री. हिल्डा कालच इस्पितळातून घरी आली होती. आयव्हीला ऐकायचं नव्हतं, पण कानांना दारं नसतात.

“माझं निळं जिरेनियम मुळापासून भादरलंस, ऑड्री! मेंढी बरी की गं तुझ्यापेक्षा.”

“मुळापासून नाही, जमिनीलगत. पहिला बहर ओसरला होता. फतकल मारून बसलं होतं वाटेवर, तुझ्या गुलाबांचा गळा धरून.”

“बसू दे! माझी वाट, माझे गुलाब.”

“दरवर्षी तूच कापतेस ना जुलैत? कापलं की नवी पालवी फुटते, पुन्हा फुलतं, थेट दहिवर गोठेपर्यंत. तू नव्हतीस, म्हणून मी कापलं.”

“यंदा मी कापणार नव्हते.”

“का? यंदा काय सोन्याचं होतं?”

“दोन फुलं का होईना, होती ना त्यावर! आता पुन्हा फुलणार कधी?”

“सप्टेंबरात.”

“सप्टेंबरचं डॉक्टर काही बोलत नाहीत, बाई.”

बस आली. दार उघडलं. रांग हलेना, आणि आयव्हीलाही ‘चला’ म्हणवेना.

“हे मला आधी सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?” ऑड्री ओरडली. “माझं जिरेनियम अजून कापलेलं नाही. रोज येऊन माझ्या दारात बस.”

“तुझं ते भडक गुलाबी? त्यापेक्षा डोळे मिटून बसेन.”

“मिटून बस, म्हातारे. पण ये.”