कोपऱ्यातले आकडे

नर्सने डोळ्यांत औषध घालून शिवणवाल्या बाईंना बाकावर बसवलं आणि डोळे उघडू नका, असं बजावलं. पण कान कसे मिटणार? शेजारी एक सून सासऱ्यांशी पत्ते खेळत होती. सासरे डोळे तपासून घ्यायला आत गेले आणि तिचा नवरा येऊन थडकला.

“अगं, हा माझ्या संग्रहातला जुना अमेरिकन पत्त्यांचा कॅट! कपाटातून काढलास?”

“बाबांचा वेळ जावा म्हणून.”

“आणि कोपऱ्यात हे आकडे कुणी लिहिले? पेनाने!”

“मीच. हल्ली त्यांना ठिपके मोजता येत नाहीत. अठ्ठी समजून दश्शी टाकतात आणि स्वतःवरच चिडतात.”

“इतक्या जुन्या पत्त्यांना कोपऱ्यात आकडे नसतातच! त्यावरूनच तर ते ओळखतात. पार वाट लावलीस. घरात दुसरे पत्ते नव्हते?”

“आहेत की. पण त्यांना हेच हवे असतात. म्हणतात, माझ्या मुलाच्या आवडीचे आहेत, तो आला की एक डाव टाकू. तुम्ही येता, भिंग लावून पत्ते बघता आणि परत कपाटात ठेवून देता.”

पत्ते गोळा केल्याची सळसळ ऐकू आली. आता हा उठून जाणार, असं बाईंना वाटलं.

“ही चौकटची दश्शी कोरीच आहे.”

“काल तुमची चाहूल लागली. राहिली तशीच.”

“पेन दे.”

टोपण निघाल्याचा आवाज आला.

“जरा ठळक काढा हो.”

“काढतोय. तू सरक तिकडे. मला बाबांच्या समोर बसू दे.”