गॅरेजमधली आंघोळ

मी मूळची कराडची. लग्न झालं आणि ह्यांच्यामागोमाग कॉव्हेंट्रीला आले, हे बस चालवायचे, तिकिटंही स्वतःच द्यायचे, मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये, तिथूनच रिटायर झाले. काय सांगू ताई तुम्हाला, इतकी वर्षं या देशात काढली, पण ह्यांना बादली आणि तांब्या पाहिजे म्हणजे पाहिजे, टबातच बादली ठेवायचे, आणि आंघोळीशिवाय चहा नाही.

मग ह्यांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बाथरूम वरच्या मजल्यावर, जिना चढवेना. ओल्या फडक्याने पुसून देते म्हटलं तर ऐकतील कसले, अंगावरून पाणी जायलाच पाहिजे. आता करायचं काय? गाडी विकून टाकलेली, गॅरेज रिकामं, किचनमधून दार उघडलं की गॅरेजच. तिथे प्लॅस्टिकची खुर्ची मांडली आणि घालायला लागले आंघोळ. उन्हाळ्यात काही त्रास नाही हो, जमिनीला उतार होता, पाणी आपलं शटरखालून बाहेर ड्राइव्हवेवर जायचं.

पण ह्या हिवाळ्यात थंडी अशी पडली की पाणी शटरपाशीच गोठायला लागलं. तिथे बर्फाचा बांध झाला की मागचं पाणी तुंबणार, खुर्चीपर्यंत येणार, आणि तेही गोठणार. मीठ टाकलं, खायचंच, बर्फावर टाकायचं जाडं मीठ दुकानात संपलेलं. वायपरने ओढलं. उकळतं पाणी ओतलं, तर तेच गोठून आणखी गुळगुळीत. एकदा तर बादलीसकट आपटले मी, ह्यांच्या डोळ्यांदेखत. लागलं नाही म्हटलं, पण चांगलं लागलं होतं.

त्यातच कळलं, काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाई येणार, हे घरी नीट राहू शकतात का ते बघायला. आमच्या ओळखीतल्या एकांकडे अशाच बाई येऊन गेल्या आणि थोड्या दिवसांत त्यांची केअर होममध्ये रवानगी झाली. मला झोप लागेना. होममध्ये ह्यांच्याशी बोलणार कोण? स्ट्रोकनंतर ह्यांचं इंग्लिश बोलणंच गेलं, कळतं सगळं, पण तोंडातून येतं ते मराठीच, तेही तुटक. कॉलिंग कार्डवरून कराडला फोन लावला की बहीण विचारायची, कसं चाललंय, मी आपली म्हणायचे, छान चाललंय.

बाई आल्या. चहा दिला, बिस्किटं दिली, पण त्या म्हणाल्या, आंघोळ कुठे घालता ते दाखवा. दाखवलं. पहाटे खरवडून खरवडून काढलं होतं तरी शटरपाशी बर्फाचा पट्टा दिसतच होता. बाईंनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं, मला त्याचीच जास्त भीती वाटली. आत येऊन ह्यांच्यासमोर वाकल्या आणि विचारलं, डू यू वाँट टू स्टे हिअर?

हे माझ्याकडे बघत म्हणाले, पाठव मला. तू पडशील.

बाई माझ्याकडे वळल्या, व्हॉट डझ ही से? मी म्हटलं, ही सेज ही इज व्हेरी हॅपी, ही वाँट्स टू स्टे होम. अहो ताई, ज्या माणसाने जन्मभर इथल्या पॅसेंजरांना तिकिटं दिली त्याला हे कळलं नसेल? डोळे भरून आले ह्यांचे. मग बाईंकडे वळून मान हलवली, हो म्हणून.

आता खाली शॉवर रूम करून देणार आहेत म्हणे, कधी ते माहीत नाही. तोवर गॅरेजच. मी आधी आत जाते, पायाने चाचपते, जुने टॉवेल अंथरते, आणि हे दारात काठीवर उभे राहून म्हणतात, सावकाश गं. देवाने एवढा हिवाळा आम्हा दोघांना उभ्या पायांनी काढू द्यावा, बाकी काही मागणं नाही माझं.